पाय दाबला तरी पिकअप उठत नाही? उशीर बांधणीतला की बिघाडाचा, आधी ते ओळखा

‘रेस दिली की गाडी आधी विचार करते, मग उठते.’ बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणाऱ्या चालकाला विचारा, नाहीतर इंदूरहून खंडव्याकडे माल घेऊन निघालेल्याला विचारा, नव्या डिझेल पिकअपबद्दल ही तक्रार कानावर येतेच. पिकअप आहे, पण पिकअप नाही, असा विनोदही त्यावर चालतो.

गावात हा सेकंद-दीड सेकंद नुसता वैताग देतो. घाटात, ओव्हरटेकसाठी बाहेर पडल्यावर समोरून बस आली, तर तोच सेकंद जिवावर बेततो. दुसरं नुकसान खिशाचं. कुणी पेडलला डबी बसवायला सांगतो, कुणी ईजीआर बंद करायला, कुणी थेट टर्बो बदलायला. पैसे जातात आणि उशीर बहुतेक वेळा तिथल्या तिथेच राहतो, कारण तो कशामुळे होतोय हे कुणी पाहिलेलंच नसतं.

हा उशीर दोन प्रकारचा असतो. एक गाडीच्या बांधणीतच असतो, शोरूममधून निघाल्या दिवसापासून. तो दुरुस्त होत नाही, तो समजून गाडी चालवावी लागते. दुसरा बिघाडाने येतो, हळूहळू वाढतो, आणि त्याचं कारण पुष्कळदा एखाद्या साध्या पाइपात किंवा फिल्टरमध्ये सापडतं. दोन्ही एकमेकांत मिसळले की मेकॅनिकही फसतो.

तार गेली, कॉम्प्युटर आला

जुन्या ४०७ मध्ये किंवा पहिल्या पिढीच्या पिकअपमध्ये अॅक्सिलेटर पेडलपासून डिझेल पंपापर्यंत तार किंवा दांडा असायचा. पाय दाबला की पंपाचा लिव्हर ओढला जायचा आणि त्याच क्षणी इंजिनात जास्त डिझेल पडायचं. ते जाळायला पुरेशी हवा आत आहे का, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं. हवा कमी पडली की न जळलेलं डिझेल काळ्या धुराच्या लोटाने मागून निघायचं. मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जायचं, पण गाडी उठायची.

आता पेडलखाली तार नाही, सेन्सर आहे. तोही एक नाही, दोन असतात. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का हे ईसीयू, म्हणजे चालकांच्या भाषेत गाडीचा कॉम्प्युटर, सतत पाहत असतो. तुमचा पाय म्हणजे हुकूम राहिलेला नाही, तो अर्ज झालाय. ‘एवढा जोर हवा’ असा अर्ज पेडल करतं. कॉम्प्युटर मग आत किती हवा येतेय, इंजिन किती गरम आहे, कॉमन रेलमध्ये दाब किती आहे हे बघतो आणि त्या हिशेबाने डिझेल सोडतो. हवा पुरेशी नसेल तर तुम्ही पेडल तळाला टेकवलं तरी तो डिझेल रोखून धरतो. त्याशिवाय गाडीला हिसका बसू नये म्हणून जोर एकदम न देता चढत्या क्रमाने द्यायची व्यवस्थाही आत लिहिलेली असते.

हे सगळं कशासाठी? धुरासाठी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाखात ५० भागांवरून १० भागांवर आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा डीपीएफ बसला. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर किती प्रदूषण करते, याचीही तपासणी आली. थोडक्यात, जुन्या गाडीचा जो धूर मागून दिसायचा, तोच नव्या गाडीत पायाखाली उशीर होऊन बसलाय. हे एकदा लक्षात आलं की निम्मी चिडचिड कमी होते. बाकीच्या निम्म्याचं कारण टर्बो.

टर्बो झोपलेला असतो तेव्हा

टर्बोला फिरवतो तो इंजिनातून बाहेर पडणारा धूर. इंजिन हळू चालत असेल तर धूर कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून आत हवा कमी, म्हणून कॉम्प्युटर डिझेल कमी सोडतो, म्हणून पुन्हा धूर कमीच. हे वर्तुळ फुटायला वेळ लागतो. पूर्ण जोरात टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. तिथवर ते क्षणात पोचणार नाही. साधारणपणे इंजिनाचे फेरे दीड हजाराच्या खाली असताना हा उशीर सर्वांत जास्त जाणवतो, आणि माल भरलेला असेल तर आणखी.

आता यात आपल्या भागाचा एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. पणजीला समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, तिथे तो सुमारे ९२-९३ असतो. म्हणजे बेळगावची हवा गोव्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. टर्बो जागा झाल्यावर ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो. पण तो जागा होईपर्यंत तुमचं इंजिन बिनटर्बोचं आणि वरून विरळ हवेतलं इंजिन असतं. इंदूर आणि हैदराबादला हा दाब ९५ च्या आसपास, तर वडोदऱ्याला जवळजवळ समुद्रकाठाइतकाच. तीच गाडी वडोदऱ्यात चपळ वाटते आणि बेळगावात जड वाटते, यात भास फार थोडा आहे.

आणि चढ भरलेल्या गाडीने कोण चढतं? बेळगावची भाजी घाट उतरून जाते, परतताना गाडी बहुधा रिकामी. पण मालवण-गोव्याची मासळी बर्फासकट वर येते. त्यामुळे चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणावर थांबून पुन्हा उठायची वेळ मासळीवाल्यांवर जास्त येते. भाजीवाल्याला जो उशीर खपतो तो त्यांना खपत नाही.

बांधणीतला की बिघाडाचा?

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा: हे पहिल्या दिवसापासून असंच आहे, की पूर्वी बरं होतं? पहिल्यापासून असेल, कमी फेऱ्यांवरच जाणवत असेल, टर्बो घेतल्यावर गाडी नीट पळत असेल आणि डॅशबोर्डवर दिवा नसेल, तर ती गाडी आजारी नाही. पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारा चढ आता दुसऱ्यावर घ्यावा लागतोय, डिझेल जास्त जातंय, मध्येच जोर तुटतोय, असं असेल तर बिघाड शोधायला हवा.

दुसरी गोष्ट, फेऱ्यांचा काटा बघा. पाय दाबल्यावर इंजिनाचे फेरे झपकन वाढतात पण गाडी वाढत नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका. क्लच घसरतोय. फेरेच वाढत नाहीत, तर मग इंजिनाकडे वळा.

तिसरी तपासणी जरा नव्या जमान्याची. स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र फार महाग नसतं आणि बऱ्याच गाड्यांत मोबाइलवरच्या साध्या अॅपवर आकडे दाखवतं. इंजिन बंद, चावी चालू ठेवून पेडल अगदी सावकाश दाबत न्या. पेडलचा आकडा सरळ चढत जायला हवा. मध्येच उडी मारली किंवा अडकला, तर पेडलचा सेन्सर झिजलाय किंवा त्याचा कनेक्टर सैल आहे. याच अवस्थेत इनटेकच्या हवेचा दाब किती दाखवतो तेही बघा. बेळगावात ९२-९३, पणजीत १०१ च्या जवळपास यायला हवा. इथेच तो भलतं काही दाखवत असेल तर सेन्सरवर काजळी बसलीय किंवा तो गेलाय, आणि मग कॉम्प्युटर चुकीच्या आकड्यावर हिशेब करतोय. नंतर भरल्या गाडीने चढावर पूर्ण पाय दिला की हाच आकडा साधारण दुपटीच्या आसपास जायला हवा. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो वर्कशॉपकडे असतो. मोबाइल मात्र शेजारी बसलेल्याने बघायचा. चालकाने नाही.

स्वस्तातलं आधी

बिघाड आहे असं ठरलं तर शोध स्वस्त वस्तूपासून सुरू करावा. टर्बो, इंजेक्टर, पंप ही यादीतली शेवटची नावं आहेत, पण पुष्कळ ठिकाणी तीच पहिली घेतली जातात.

एअर फिल्टर. खानापूरच्या कच्च्या रस्त्यांवर किंवा उसाच्या हंगामात शेतात गाडी घालणाऱ्यांचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून तोच तोच वापरायची सवय आहे, पण त्याने कागद फाटतो आणि बारीक धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टर बदलावा, वाचवू नये.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच पाइपांकडे होतं. क्लिप सैल झाली किंवा पाइपाला खालच्या बाजूने चीर गेली की टर्बोने दाबलेली हवा बाहेर पळते. चढावर ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, पाय सोडला की थांबतो. जुन्या बीएस-४ गाडीत अशा वेळी काळा धूर दिसायचा आणि दोष कळायचा. बीएस-६ मध्ये ती काजळी डीपीएफ गिळतो, मागून काही दिसत नाही, फक्त डीपीएफ लवकर लवकर भरायला लागतो. इंजिन थंड असताना पाइपांवरून हात फिरवा. तेलकट धुळीची रेघ जिथे दिसेल तिथून हवा गळते. क्लिप किंवा पाइपाचा खर्च आणि नव्या टर्बोचा खर्च यांची तुलनाच नको. टर्बोचा जोर सांभाळणाऱ्या अॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळीही याच वेळी बघून घ्यावी. उंदरांना ती फार आवडते.

डिझेल फिल्टर आणि पाणी. सीमाभागात ज्या राज्यात डिझेल स्वस्त तिथे टाकी भरायची हे गणित सगळ्यांना पाठ असतं, आणि सोबत कॅन भरून ठेवणारेही असतात. पावसाळ्यात कॅनमधल्या डिझेलात पाणी उतरतं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. इतक्या दाबाच्या बारीक भागांना पाणी आणि गाळ चालत नाही. फिल्टर तुंबला की हळू चालवताना गाडी ठीक वाटते आणि जोर मागितला की गळपटते. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट वेळेवर सोडणं हे घरच्या घरी होणारं काम आहे.

ईजीआर व्हॉल्व्ह धूर परत इंजिनात फिरवतो. काजळीने तो अर्धवट उघडा अडकला की ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी अगदीच मेल्यासारखी होते. बहुतेक वेळा साफ करून काम भागतं.

आणि एक बारकी, पण घाटात हमखास भोवणारी गोष्ट: ब्रेकचा स्विच. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि अॅक्सिलेटर एकाच वेळी दाबले गेले तर कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि जोर तोडतो. जुन्या चालकांची चढावर उठायची एक पद्धत आहे, चवड्याने ब्रेक धरायचा आणि टाचेने रेस द्यायची. हाताखालची गाडी बदलली, पाय तोच राहिला. मग ‘गाडी उचलतच नाही’ अशी तक्रार येते. अशा गाडीत हँडब्रेकवर उठायची सवय लावावीच लागते. पाय ब्रेकवर नसतानाही मागचा लाल दिवा लागून राहत असेल तर स्विच बिघडलाय. तिथून कॉम्प्युटरपर्यंत चुकीची खबर जातेय.

डीपीएफचं दुखणं शहरातलं जास्त

घाटात चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ आपोआप तापतो आणि आतली काजळी जळत राहते. अडचण होते ती वडोदरा, हैदराबाद, ग्वाल्हेरच्या गल्लीबोळात पाण्याचे जार किंवा गॅस सिलिंडर पोचवणाऱ्या पिकअपची. दोन किलोमीटर चालायचं, थांबायचं, पुन्हा दोन किलोमीटर. काजळी जाळायला आत सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, ती तिथवर पोचतच नाही. कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून तापवायचा प्रयत्न करतो. त्या वेळी निवांत उभ्या गाडीचे फेरे थोडे चढे राहतात, पंखा सुटतो. चालकाला वाटतं काहीतरी बिघडलं, म्हणून तो इंजिन बंद करतो. असं चार-पाचदा झालं की दिवा लागतो, आणि मग गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे लंगडत चालते. कितीही रेस द्या, ठरावीक वेगापुढे जात नाही.

उपाय कंटाळवाणा आहे: आठवड्यातून एकदा-दोनदा हायवेवर वीसेक मिनिटं न थांबता, खालच्या गिअरवर जरा चढ्या फेऱ्यांनी गाडी चालवायची, आणि डीपीएफचा दिवा लागला की मालकाच्या हॅंडबुकात दिलंय ते त्याच दिवशी करायचं. इंजिन ऑइलची पातळी खाली न जाता वर चढताना दिसली तर सावध व्हा. अर्धवट राहिलेल्या साफसफाईतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच, म्हणजे कमी राख सोडणारं वापरा. काजळी जळून जाते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

डबी, चिप आणि ‘काढून टाका’वाले

पेडलच्या कनेक्टरमध्ये बसणारी ‘थ्रॉटल कंट्रोलर’ नावाची डबी सध्या जोरात विकली जाते. ती करते काय? तुम्ही पेडल वीस टक्के दाबलं तर कॉम्प्युटरला चाळीस टक्के दाबल्याचं सांगते. म्हणजे जे तुमचा पाय जास्त दाबून फुकटात करू शकतो तेच. पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर डबीकडे सांगायला काही उरत नाही. भरलेली गाडी चढावर घालताना पाय तसाही तळाला असतो, म्हणजे जिथे गरज आहे तिथे तिचा उपयोग शून्य. टर्बोला ती हवा देत नाही, इंजिनाला ताकद देत नाही. मोकळ्या गाडीने गावात फिरताना गाडी चपळ वाटते हे खरं. त्याबदल्यात रिव्हर्स घेताना आणि यार्डात इंच-इंच सरकवताना हिसके बसतात. आणि वॉरंटीच्या वेळी ती डबी कुणाच्या बाजूने बोलेल हे सांगायला नको.

चिप म्हणजे रिमॅपिंग ही वेगळी गोष्ट आहे. त्याने जोर खरंच वाढतो, कारण कॉम्प्युटरचे आकडेच बदलले जातात. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो मूळ हिशेबाचेच असतात. ईजीआर बंद करणं, डीपीएफ पोकळ करणं हे तर थेट कायद्यात अडकवणारं. गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. दोन-तीन राज्यांच्या हद्दीतून रोज जाणाऱ्या गाडीने हा धोका घेणं म्हणजे प्रत्येक नाक्यावर नवा प्रश्न घेऊन जाणं आहे.

मग चालवायचं कसं

बांधणीतला उशीर हटत नाही, पण त्याच्या आधी पोचता येतं. जुन्या गाडीत आधी पाय, मग गरज पडली तर गिअर, अशी सवय होती. इथे आधी गिअर, मग पाय. चढ समोर दिसतोय तेव्हाच, गाडी दमायच्या आधी, गिअर खाली घ्या. हॅंडबुकात ‘कमाल टॉर्क’च्या पुढे फेऱ्यांचे दोन आकडे असतात. काटा त्या दोघांच्या मध्ये ठेवला की टर्बो जागाच राहतो आणि पाय दिल्यावर उत्तर लगेच येतं. डिझेल वाचवायला म्हणून भरलेली गाडी चौथ्या गिअरवर हजार-बाराशे फेऱ्यांनी रेटणं उलट महागात पडतं. काजळी वाढते, डिझेल वाचत नाही, आणि नेमका ओव्हरटेक तिथेच अडकतो.

ओव्हरटेकच्या बाबतीत तर हे नियम म्हणून पाळा: बाहेर पडायच्या आधी आपल्याच लेनमध्ये गिअर खाली, फेरे वर, टर्बो घेतल्याचं कळलं की मगच बाहेर. बाहेर पडून मग पाय दाबणारा चालक तो सेकंद समोरच्या गाडीच्या तोंडावर घालवतो.

टाटा इंट्रासारख्या काही गाड्यांना इको स्विच असतो. तो चालू राहिला की पेडल मुद्दाम मवाळ होतं. घाटाच्या पायथ्याशी तो बंद आहे ना, एवढं बघून घ्यायला पैसे लागत नाहीत. आणि मोठा चढ चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या, तापलेल्या टर्बोला तेल मिळू द्या.

वर्कशॉपला जायचंच झालं तर ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. कोणत्या गिअरवर, किती फेऱ्यांवर, भरलेली की रिकामी, इंजिन गरम असताना की सकाळी पहिल्यांदा, दिवा लागला होता का, आणि शेवटचा डिझेल फिल्टर कधी बदलला, हे कागदावर लिहून न्या. टर्बो किंवा इंजेक्टर बदलायला सांगितलं तर आधी स्कॅनरवरचे आकडे मागा: कॉम्प्युटरने मागितलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष आलेला, तसंच रेलमधला मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष आलेला. या दोन जोड्यांत फरक कुठे पडतोय ते दाखवल्याशिवाय मोठ्या कामाला होकार देऊ नका, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या.